दोन फूट सहा इंच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत आणि विषय दिलाय ‘आपल्या हॉलमधली रेल्वे’. आता हॉलमध्ये रेल्वे आहे कुठे, असं कोणी विचारलं तर त्यात चूक काही नाही. उत्तरेच्या भिंतीला लागून बारा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी प्लायवुडची फळी गेले चार महिने आहे. तिच्यावर रूळ आहेत. गाडी नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्यावर वाणाची ताटं ठेवली होती, एकदा कॅरमची सोंगटी तिच्याखाली गेली म्हणून तिला हलवली होती. आणि येताजाता प्रत्येक जण मला विचारतो, “काका, गाडी कधी?” मोठी माणसं जरा वेगळं विचारतात. “अहो, तयार रूळ मिळतात ना ऑनलाइन? मग चार महिने करताय काय?”

प्रश्न रास्त आहे. कमिटीने जागा दिली, पंखा दिला, एक ट्यूबलाईट दिली. त्यामुळे हिशेब देणं माझं काम आहे. तेवढंच आज करतो.

आधी गाडी कोणती ते सांगतो. आपल्यापैकी निम्म्या घरांचं गाव पाचोरा, जामनेर, बोदवड ह्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे पीजे म्हटल्यावर पुढे सांगायला नको. मुलांसाठी सांगतो. पाचोऱ्याहून निघून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत जामनेरला जाणारी ५६ किलोमीटरची छोटी गाडी. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९१८-१९ च्या सुमारास ही लाईन झाली, आणि शंभर वर्षं चालली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला सगळ्याच गाड्या थांबल्या. बाकीच्या पुन्हा सुरू झाल्या, ही झाली नाही. आता ती ब्रॉडगेज होणार आणि पुढे बोदवडपर्यंत जाणार, असं मंजूर आहे. चांगलंच आहे ते. जामनेरच्या माणसाला पाचोऱ्याला उतरून गाडी बदलायला लागू नये, ह्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण ब्रॉडगेज होणार म्हणजे जुने छोटे रूळ उचलले जाणार. आज पहिलीत असलेल्या मुलाने ती गाडी चालताना पाहिलेली नाही, आणि आता पाहणारही नाही. म्हणून मी कमिटीला म्हटलं होतं की २५ वर्षांच्या निमित्ताने आणखी एक कारंजं करण्यापेक्षा हे करू.

आता रुळाकडे येतो.

छोटी गाडी छोटी कशाने होते? डब्याने नाही, इंजिनाने नाही. दोन रुळांमधल्या अंतराने. त्याला गेज म्हणतात. आपल्या कॉलनीला कोळसा घेऊन येणारी वाघीण ज्या रुळांवर चालते ते ब्रॉडगेज, पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तीही ह्याच मापाची. पीजे आहे दोन फूट सहा इंच, ७६२ मिलिमीटर. तेच माप मुर्तिजापूरच्या ‘शकुंतले’चं आणि तेच जुन्या बार्शी लाईटचं. माथेरानची गाडी त्याहून बारीक, दोन फुटी. पुष्कळांना वाटतं माथेरान आणि पीजे सारखीच. तसं नाही, सहा इंचांचा फरक आहे आणि तो फरक फार मोठा आहे. बार्शी लाईट १८९७ ची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली आणि दाखवून दिलं की यार्डाला अवघ्या तीस पौंड वजनाचा हलका रूळ टाकूनसुद्धा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही तर, अडीच फुटी लाईनवर भरपूर माल ओढता येतो. हा ‘हलका रूळ’ शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मॉडेल. जगात सगळ्यात जास्त चालणारं मॉडेलचं माप म्हणजे एचओ, १:८७. खरी वस्तू सत्त्याऐंशी पटीने लहान. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं, बऱ्याच जणांनी मुलांना नेऊन दाखवलंय, ते एचओमध्ये आहे. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणलं की येतं १४३५. हे युरोप-अमेरिकेचं गेज, आपलं नव्हे. आपलं १६७६. म्हणजे आपलं भुसावळचं इंजिन एचओच्या रुळावर उभं केलं की ते साडेनऊ इंचांनी अरुंद रुळावर उभं असतं. १:८७ मध्ये आपलं खरं गेज सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि त्या मापाचा रूळ कोणी पेटीत घालून विकत नाही. भारतात जे ब्रॉडगेजचं मॉडेल करतात ते हे चालवून घेतात. बघणाऱ्याला पटकन कळत नाही. मला कळतं, पण तो माझा दोष म्हणा.

गंमत अशी की दारावरून जाणाऱ्या मोठ्या लाईनचा रूळ बाजारात नाही आणि बंद पडलेल्या छोट्या लाईनचा मात्र मिळू शकतो. दुसऱ्या कशासाठी तरी केलेला रूळ आपल्या कामी येतो. कसा ते सांगतो. ७६२ ला ८७ ने भागा, येतात पावणेनऊ मिलिमीटर. नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात आहे, एन नावाच्या फार बारीक मापासाठी केलेला. ७६२ ला ४८ ने भागा, येतात सोळाला थोडे कमी. एचओचा साडेसोळाचा रूळ तिथे चालतो. आणि ७६२ ला ६४ ने भागलं तर ११.९. बारा मिलिमीटरचा रूळही मिळतो, टीटी नावाच्या १:१२० च्या मापासाठी, आणि एचओमधल्या मीटरगेजसाठी.

म्हणजे तीन रस्ते होते. १:८७ ला नऊचा रूळ, १:६४ ला बाराचा, १:४८ ला साडेसोळाचा. पहिला आणि तिसरा हे वहिवाटीचे. जगभर लोक करतात, डबे-इंजिनांचे सुटे भाग मिळतात. मधला, १:६४, ज्याला एस स्केल म्हणतात, तो फार थोडे लोक करतात. मी मधला घेतला. का?

पहिलं कारण जागा. फळी बारा फूट. १:८७ मध्ये तिच्यावर सव्वातीनशे मीटरला थोडी कमी लाईन बसते, १:६४ मध्ये २३४ मीटर, १:४८ मध्ये फक्त १७६ मीटर. १७६ मीटरमध्ये फलाट, मालधक्का आणि गाडी फिरायला सांधा बसवला की गाडीला जायला जागाच उरत नाही. (सगळी लाईन करायची म्हटली तर १:६४ मध्येही ८७५ मीटर रूळ लागेल, मागच्या वार्षिक सभेत कोणीतरी सुचवलं होतं म्हणून सांगतो.)

दुसरं कारण माझे डोळे. १:८७ मध्ये साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो, १:६४ मध्ये २६. एकोणीस मिलिमीटरच्या माणसाला फेटा आणि टोपी ह्यातला फरक रंगवायचा तर वय तीस पाहिजे. शिवाय ते काम मुलांनीही करायचं आहे.

तिसरं कारण मुलांनीच सांगितलं. खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या त्या छोट्या लोखंडी मोटारी असतात ना, प्रत्येकाच्या घरी पाच-दहा आहेत, त्यांचं माप साधारण १:६४ धरलेलं असतं. काटेकोर नसतं, पण धरलेलं असतं. म्हणजे फाटकाबाहेर उभी करायला गाड्या तयार आहेत. एसटी आणि बैलगाडी आपण करू.

आणि चौथं, मला सगळ्यात आवडलेलं: माप. १:८७ ला नऊचा रूळ घेतला की तो खऱ्यात ७८३ चा होतो, २१ मिलिमीटर जास्त. १:४८ ला साडेसोळाचा घेतला की ७९२, तीस मिलिमीटर जास्त. १:६४ ला बाराचा घेतला की ७६८. सहा मिलिमीटर. खऱ्या रुळावर गँगमन माप घेतो तेव्हा तोसुद्धा काही मिलिमीटर इकडेतिकडे सोडतो.

इथपर्यंत सगळ्यांना पटलं होतं. वाद पुढे झाला. “बाराचा रूळ तयार मिळतो म्हणता ना, मग चार तुकडे मागवा, एकेक तीन फुटांचा येतो, बारा फूट झाले, रविवारी लावून टाकू.” हिशेब अगदी बरोबर. आणि परवडत नाही म्हणून मी नको म्हटलं असंही नाही.

मी एक तुकडा मागवून बघितला होता. टीटीचा. त्यावर १:६४ च्या मापाने पुठ्ठ्याचा डबा कापून उभा केला, चहाच्या वेळी इथेच टेबलावर ठेवला, आणि काही न सांगता जो येईल त्याला दाखवला. बऱ्याच जणांनी छान छान म्हटलं. बी विंगमधल्या आजी, ज्या लग्न होऊन पीजेनेच जामनेरकडून पाचोऱ्याला आल्या, त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “डबा आपला हाय रे भो, पन खालची पट्टी मोठ्या लाईनीची दिसते.” मी विचारलं, कशावरून? त्यांना सांगता येईना. म्हणाल्या, “आपल्या लाईनीत माती दिसायची. हिच्यात लाकडंच लाकडं.”

बघा, गेज बरोबर होतं. बारा मिलिमीटर. तरी त्यांना ती मोठी लाईन वाटली. का, ते मी घरी जाऊन कागदावर मांडलं.

ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद. मीटरगेजचा सहा फूट लांब, आठ इंच रुंद. आणि नॅरोगेजचा पाच फूट लांब, सात इंच रुंद. पाच फुटाला ६४ ने भागलं तर साधारण २४ मिलिमीटर लांब आणि २.८ मिलिमीटर रुंद. दोन स्लीपरमधलं अंतर मी एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत ७२ सेंटिमीटर धरलं, ते फळीवर अकरा-सव्वाअकरा मिलिमीटर येतं. आणि टीटीचा रूळ? तो मुळात युरोपातल्या मोठ्या लाईनीचा, १२० पट लहान केलेला. त्यात स्लीपर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि पाच-पाच मिलिमीटरवर एक. म्हणजे आमच्या एका स्लीपरच्या जागी दोन. आजी म्हणाल्या तेच, लाकडंच लाकडं. माती दिसणार कुठून?

मीटरगेजचा तयार रूळ जरा बरा. त्यातले स्लीपर आपल्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटर आखूड, अंतर कमी, पण सुरीने मधली प्लॅस्टिकची जोडपट्टी कापून, स्लीपर सरकवून निभावता येतं. कित्येक जण तसं करतात आणि त्यात काही वाईट नाही. मीही तेच करणार होतो. पण मग रुळाच्या उंचीवर गाडी अडली.

मॉडेलच्या रुळाला कोड असतो. कोड १०० म्हणजे रूळ इंचाचा शंभर हजारांश भाग उंच, अडीच मिलिमीटर. कोड ७५ म्हणजे १.९ मिलिमीटर. कोड ५५ म्हणजे १.४. मीटरगेजचा जो तयार रूळ मी बघत होतो तो कोड ७५ चा. १.९ ला ६४ ने गुणा, १२२ मिलिमीटर. पावणेपाच इंच उंच रूळ म्हणजे यार्डाला सत्तर-ऐंशी पौंडांचा, म्हणजे मेन लाईनचा. छोट्या लाईनीला असला रूळ कोण टाकेल? कॅलथ्रॉपचा तीस पौंडी रूळ होता सव्वातीन इंचांहूनही कमी उंचीचा. चाळीस पौंडी साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिलिमीटर. आता कोड ५५ ला ६४ ने गुणून बघा: ८९. बरोब्बर चाळीस पौंडी. ताडून पाहायचं असेल तर आपल्या कोळशाच्या सायडिंगकडे बघा. आजच्या ब्रॉडगेजचा बावन्न किलोचा रूळ १५६ मिलिमीटर उंच आणि साठ किलोचा १७२. त्याच्या जवळजवळ निम्मी उंची. चाळीस पौंडी रुळावर उभं राहिलं की रूळ बुटाखाली जाणवतो तेवढाच, मोठ्या लाईनीसारखा घोट्याला लागत नाही.

तेव्हा ठरलं. सुटा रूळ, कोड ५५, काठीसारखा मिळतो तो घ्यायचा, आणि स्लीपर आपण करायचे. बारा फुटांना सव्वातीनशे स्लीपर, सांध्यांचे वेगळे. चार महिने त्यात गेले.

आता मुलांनी काय केलं ते सांगायला पाहिजे, कारण हे काम एकट्याचं नाही. सुताराकडच्या सागाच्या कपच्यांतून पट्ट्या काढल्या आणि त्यांचे २४ मिलिमीटरचे तुकडे केले. पट्टी कापायला एक लाकडी साचा केला, म्हणजे मोजायला नको, ठोकळ्याला टेकवायची आणि करवत चालवायची. रंगासाठी भांडी घासायचा लोखंडी काथ्या व्हिनेगरमध्ये चार दिवस बुडवून ठेवला. ते पाणी, आधी कडक चहात भिजवलेल्या लाकडाला लावलं की लाकूड करडं-काळं पडतं, तीस वर्षं ऊन खाल्ल्यासारखं. ऑइल पेंटने हा रंग येत नाही. ए विंगमधल्या दोन मुलींनी ह्यात इतकी हातोटी मिळवली की आता तीन छटांचे स्लीपर वेगवेगळ्या डब्यांत आहेत, जुने, मधले आणि गेल्या वर्षी बदललेले. खऱ्या लाईनीवर असंच असतं, सगळे स्लीपर एका दिवशी बदलत नाहीत.

दर पाचवा स्लीपर मात्र लाकडाचा नाही. तो तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या सर्किट बोर्डाचा तुकडा आहे, त्यावर रूळ डाग देऊन पक्का केलाय. ही युक्ती माझी नाही, हाताने रूळ करणारे पूर्वीपासून तसंच करतात. पण आम्हा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या हातात सोल्डरिंगची इस्त्री आयुष्यभर होती, त्यामुळे आवडली. गेज पक्कं राहतं ते ह्या बोर्डाच्या तुकड्यांमुळे. बाकीचे लाकडी स्लीपर फक्त चिकटवलेले आहेत, दिसायला. रूळ बसवताना बारा मिलिमीटरचा पितळी ठोकळा दोन रुळांत बसवायचा. तो आपल्याच एका सभासदाने लेथवर करून दिला. दोन खाचा आहेत त्यात, रूळ त्या खाचेत बसला की हलत नाही.

सांधे दोन. सांध्यात एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाची कडा जायला फट ठेवावी लागते. मोठ्या लाईनीवर ही फट ४४ मिलिमीटर असते, ६४ ने भागली तर पाऊण मिलिमीटरही येत नाही. माझ्याकडच्या टीटीच्या चाकांना ती पुरत नाही. एक मिलिमीटर ठेवली. इथे मापाला थोडी मुरड घातली, आणि ती घालायलाच पाहिजे. फोटोत सुंदर दिसणारा पण गाडी पाडणारा सांधा काय कामाचा? पूर्वी सांधेवाला कंदील घेऊन उभा असायचा, त्याची जागा सध्या एका स्लाइड स्विचने आणि सायकलच्या तारेने घेतलीय.

आता आपल्या गावच्या दोन अडचणी. त्या पुण्या-मुंबईवाल्यांना नसतात.

एक ऊन. इथे जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मे महिन्यात पंचेचाळीस. पस्तीस अंशांचा फरक. हा रूळ निकेल सिल्व्हरचा आहे. नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबं, निकेल आणि जस्त. बारा फुटांत तो पस्तीस अंशांना साधारण दोन मिलिमीटर वाढतो. तुम्ही म्हणाल दोन मिलिमीटर म्हणजे काय. बारा मिलिमीटरच्या गेजमध्ये दोन मिलिमीटर वाढून रूळ बाजूला वाकला तर गाडी उतरलीच. म्हणून तीन-तीन फुटांवर सांध्यात अर्धा मिलिमीटर फट सोडली आहे. खऱ्या लाईनीवर फिशप्लेटपाशी फट सोडायचे त्याच कारणाने, आणि खडाक-खडाक आवाज यायचा तो त्याच फटीचा. आपल्या गाडीलाही येईल, बारीक.

दुसरी अडचण राख. आपण राखेत राहतो. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर काय होतं ते घरोघरी माहीत आहे. मॉडेल रेल्वेत रुळातून बारा व्होल्टचा प्रवाह जातो, चाक तो उचलतं, मोटर फिरते. रुळावर राखेचा थर बसला की गाडी अडखळत चालते. रोज कोण पुसणार? म्हणून रुळातून वीज द्यायचीच नाही असं ठरवलं. इंजिनामागच्या बंद वाघिणीत एक लिथियम सेल, टॉर्चमध्ये असतो तो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. १:६४ ची वाघीण त्याला सहज पुरते, १:८७ मध्ये अगदीच घट्ट झालं असतं. गाडी मोबाइलवरून चालेल. म्हणजे पॉवर स्टेशनच्या दारात राहून आपली रेल्वे बॅटरीवर! हसा, हसा. तरी बोर्डाच्या स्लीपरांवर मधोमध तांब्यात करवतीने खाच मारून ठेवली आहे, म्हणजे दोन रूळ एकमेकांना जोडलेले नाहीत. उद्या माझ्यानंतर कोणी रुळात वीज सोडायचं ठरवलं तर शॉर्ट होणार नाही.

राखेचा सूडही घेतलाय. छोट्या लाईनींवर खडीऐवजी इंजिनातली जळकी राख टाकायची पद्धत होती. आपल्याकडे बॉटम अॅश आहे, दाणेदार. ती धुतली, उन्हात वाळवली, चहाच्या गाळणीने चाळली. मग तिच्यातून लोहचुंबक फिरवलं, तर चुंबकाला काळ्या दाण्यांची दाढी फुटली. ते दाणे राहिले असते तर इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाने ओढून घेतले असते आणि मोटर गेली असती. तीन वेळा फिरवल्यावर दाढी यायची थांबली. ती राख आता तुमच्यासमोर स्लीपरांच्या मधे आहे, पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवलेली. कडेने खरी माती टाकली आहे, पाचोऱ्याकडची, काळी, दळून.

दोन आठवड्यांपूर्वी पहिले तीन फूट पूर्ण झाले. आजींना पुन्हा खाली बोलावलं. लिफ्ट बंद होती तरी आल्या. मी तोच पुठ्ठ्याचा डबा रुळावर ठेवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोटाने रुळाच्या कडेची माती चाचपून म्हणाल्या, “इथं गवत पाहिजे. गाडी चालायची तरी गवत असायचं.” एवढंच. गवत लावायचं काम त्यांच्याच नातवाकडे दिलंय, तो तागाच्या सुतळीचं करतोय.

एक वाद शिल्लक आहे आणि तो मला सोडवता येणार नाही. स्टेशनवर पाटी कोणत्या नावाची लावायची? शेंदुर्णीचे सासरवाले आणि पहूरचे माहेरवाले असे दोन तट पडले आहेत, भागदऱ्याच्या बाजूने एकच कुटुंब आहे पण आवाज मोठा आहे. कमिटीने मतदान घ्यावं. पाटी मी चुंबकावर बसवणार आहे, म्हणजे बदलता येईल.

राहिलेलं काम: नऊ फूट रूळ अंथरलेला आहे पण राख टाकायची आहे, एक सांधा अजून घासायचा आहे, इंजिनाची बॉडी पत्र्यात कापून झाली आहे आणि रंग राहिलाय. आमचं काम रविवारी चार ते सहा चालतं. दहा वर्षांवरच्या कोणालाही करवत मिळेल, त्याखालच्यांना गाळणी. ज्यांच्या घरी पीजेचे जुने फोटो असतील, लग्नाच्या वऱ्हाडाचे, टपावर बसलेल्या मंडळींचे, कसेही, त्यांनी आणून द्यावेत. मी मोबाइलवर फोटो काढून तिथल्या तिथे परत करीन. मला विशेष हवे आहेत ते ज्यांत माणसांच्या मागे रूळ आणि जमीन दिसते. माणसं हललेली असली तरी चालतील.

आणि हळदीकुंकवाची ताटं आता कृपया टेबलावर ठेवा. फळीवर राख ओली आहे.